सिनेमात रंगांना खरंच अर्थ असतो का, की आपणच नंतर लावतो?
असतो, पण तो आधीपासून ठरलेला नसतो, म्हणजे लाल म्हणजे प्रेम, काळा म्हणजे वाईट असा तक्ता घेऊन बसलात तर काहीच हाती लागत नाही, अर्थ ती गोष्टच हळूहळू तयार करते. नागराज मंजुळेंचा २०१३ चा 'फँड्री' घ्या. त्यातला शाळकरी पोरगा जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, कारण तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की ती आपल्या प्रेमात पडेल असं त्याला वाटतं. चिमणी काळी, जब्या पण सावळा, शालू गोरी आणि वरच्या जातीची, हे कोणी समजावून सांगत नाही पण चिमणी दर वेळी निसटते तेव्हा आपल्याला आपोआप कळत जातं. कवितेतही तसंच, एखादी प्रतिमा परत आली की आधीचा अर्थ सोबत घेऊनच येते, म्हणून काय परत परत येतंय ते बघायचं. आणि शेवटाकडचा तो शॉट, जब्याच्या घरचे डुक्कर काठीला बांधून नेतायत आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रं! त्यावर कोणाचं भाषण नाही, काही नाही. माझ्या मते मराठी सिनेमात यापेक्षा जबरदस्त प्रतिमा नाही.