वाचकांचे प्रश्न : जुन्या चॅसीवर बॉडी बसवताना

प्रश्न : 1926 सालच्या रोल्स-रॉईस ट्वेंटीच्या चॅसीवर (गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर) 1923 च्या ट्वेंटीची टूरर (उघड्या टपाची) बॉडी बसवतो आहोत. बोल्ट आवळले की डावीकडचा मागचा दरवाजा वरच्या बाजूला घासतो, ढिले केले की छान लागतो. बिजागऱ्या सरकवाव्यात का? (पुणे)

उत्तर : नको. बोल्ट ढिले असताना दरवाजा लागतो, म्हणजे बॉडी सरळ आहे आणि बोल्ट तिला वाकवताहेत. बिजागऱ्या सरकवून दरवाजा लागेलही, पण बॉडीतला ताण तसाच राहील आणि वर्षभरात बॉडीच्या लाकडी सांगाड्याचे सांधे खिळखिळे होतील.

फट वर कमी आणि खाली जास्त झाली आहे, याचा अर्थ दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे खांब वरून एकमेकांकडे झुकलेत. बॉडी मधोमध खाली ओढली गेली की असंच होतं. त्यामुळे पहिला संशय डावीकडे त्या दरवाजाच्या जवळच्या बोल्टाखालच्या पॅकिंगवर, म्हणजे बॉडी आणि चॅसी यांच्यामधल्या भरावावर घ्या. तिथं ते पातळ आहे.

पॅकिंगला हात घालण्याआधी गाडी तिच्या खऱ्या वजनावर उभी असली पाहिजे. सपाट जमीन, चाकांत पूर्ण हवा, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि बॅटरी जागेवर, टाकीत पेट्रोल. घोड्यांवर (टेकूंवर) ठेवायचीच असेल तर त्या ॲक्सलखाली लावा, चॅसीच्या दोन लांब पट्ट्यांखाली कधीच नको. पट्ट्यांना मध्येच टेकू दिला की चॅसीचा बाक बदलतो. मग वर्कशॉपमध्ये जुळलेले दरवाजे रस्त्यावर आल्यावर अडकतात.

आता चॅसी तपासा. पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी दोन्ही पट्ट्यांवर आडवी सरळपट्टी टाकून स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मधोमधच हवा असं नाही, पण तिन्ही ठिकाणी तो एकाच जागी दिसला पाहिजे. मग स्प्रिंगांच्या जोडीदार बोल्टांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. एका सुतापेक्षा, म्हणजे साधारण 3 मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर चॅसी तिरपी झाली आहे. ती आधी सरळ करून घ्या, हा दोष पॅकिंगनं झाकता येत नाही.

यानंतर बॉडी बोल्टांशिवाय नुसती टेकवा. सगळी मापं रेडिएटरपासून घ्यायची, कारण बॉनेट रेडिएटर आणि बॉडी यांच्यामध्ये बसतं आणि त्याची फट दोन्ही बाजूंना सारखी दिसली नाही तर बाकीचं काम कितीही नेटकं असो, नजर तिथंच अडते. रेडिएटरच्या मध्यापासून चॅसीच्या मागच्या आडपट्टीच्या मध्यापर्यंत दोरी ताणून बॉडीचा मध्य त्या रेषेत आणा. मग प्रत्येक बोल्टाजागी बॉडी आणि चॅसी यांच्यात किती पोकळी उरते ते मोजा आणि तेवढंच पक्क्या लाकडाचं पॅकिंग कापून घाला. वर 3 मि.मी. जाड फेल्ट किंवा चामडं. ही पोकळी पॅकिंगनंच भरायची. बोल्ट बॉडीला फक्त धरून ठेवतो. मधल्या बोल्टांपासून टोकांकडे जात, डावा-उजवा आलटून-पालटून आवळा आणि प्रत्येक बोल्टानंतर सगळे दरवाजे उघडून बघा. ज्या बोल्टानं फट बदलली, तिथं पॅकिंग कमी आहे.

जुनी भोकं जुळणार नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. त्या काळी कारखाना नुसती चॅसी विकत असे; बॉडी बार्कर, हूपर यांच्यासारखे कोचबिल्डर त्या एका चॅसीसाठी हातानं बांधत. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 129 इंच असला तरी बॉडी अदलाबदलीच्या नसतात. सिलच्या, म्हणजे बॉडीच्या तळाच्या लांब लाकडातली जुनी भोकं त्याच लाकडाच्या खुंट्या चिकटवून बुजवा आणि नव्यानं पाडा. चॅसीच्या पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेत मात्र नवीन भोक पाडू नका. सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. 1925 मध्ये ट्वेंटीला तीनऐवजी चार गिअर आले आणि गिअरचा दांडा मधून उजवीकडे गेला. तुमची बॉडी मधल्या दांड्यासाठी बांधलेली आहे. सगळे गिअर टाकून बघा. दांडा आणि बॉडी यांच्यात मुठीसह हात फिरला पाहिजे. सिल कापावी लागली तर आतून पोलादी पट्टी लावल्याशिवाय कापू नका.

प्रश्न : कुजलेल्या सिलसाठी ॲशचं (युरोपातलं चिवट) लाकूड मिळत नाही. सागवान चालेल का बाभूळ? (नाशिक)

उत्तर : सागवान. बाभूळ बैलगाडीला उत्तम, पण या कामाला जड पडते. सागवान ॲशइतकं धक्का सोसत नाही, म्हणून सरळ रेषांचाच तुकडा निवडा. ते कुजायला मात्र ॲशपेक्षा कितीतरी टणक. त्यात तेल असतं, त्यामुळे साधा गोंद धरत नाही; सांधा ॲसिटोननं पुसून लगेच इपॉक्सी लावा. स्क्रू पितळी वापरा.

प्रश्न : वेमन पद्धतीच्या कापडी बॉडीचे सांधे हलतात. चिकटवून टाकू? (ठाणे)

उत्तर : मुळीच नको. ही पद्धत काढणाऱ्या शार्ल वेमन यांची सगळी युक्ती तीच होती. लाकडाला लाकूड टेकत नाही, मध्ये पोलादी पट्ट्या आणि थोडी मोकळी जागा असते. चॅसी पिळली की सांधा हलतो आणि आवाज येत नाही. सांधे चिकटवले तर कापड कोपऱ्यांत फाटेल. हलणं ठीक, पण पट्ट्यांचे बोल्ट ढिले असतील तर ते आवळा. आसनं थेट चॅसीवर बसवलेली असतात, ती तशीच ठेवा.