वाचकांचे प्रश्न : ग्रामसभेचा ठराव आणि जिनिव्हाचा मसुदा

प्रश्न : कोरची आणि कुरखेडा तालुक्यांतील काही ग्रामसभांसोबत आम्ही काम करतो. नागपूरच्या एका संस्थेने आम्हाला कळवले आहे की माहिती समाजाविषयीच्या, म्हणजे संगणक व इंटरनेटने घडणाऱ्या समाजाविषयीच्या, आंतरराष्ट्रीय चर्चांसाठी आशियातील नागरी संघटना एक संयुक्त निवेदन तयार करीत असून त्यावर आमची सही हवी आहे. निवेदन इंग्रजीत आणि बरेच लांब आहे. रोजगार हमीच्या कामावर मोबाईलवरून हजेरी घेतली जाते, कामाच्या ठिकाणी मात्र नेटवर्क नसते, हा आमचा खरा प्रश्न आहे. त्या निवेदनात तो कुठेच दिसला नाही. सही करावी का?
— एक कार्यकर्ता, जि. गडचिरोली

उत्तर : सही करण्याची घाई करू नये आणि निवेदन बाजूलाही सारू नये, असे आमचे मत आहे. त्याचे कारण समजण्यासाठी अशी निवेदने कशी तयार होतात, हे पाहावे लागेल.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या मिनियापोलिस अधिवेशनात ट्युनिशियाने मांडलेल्या सूचनेतून माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषद उभी राहिली आणि ती डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हात व नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसमध्ये अशा दोन टप्प्यांत भरली. राष्ट्रप्रमुखांची छायाचित्रे या दोन शहरांतली असली, तरी जिनिव्हाच्या जाहीरनाम्यातील बहुतेक शब्द त्याआधीच्या तयारी बैठकांत आणि बामाको, बुखारेस्ट, टोकियो, बाव्हारो व बैरुत येथील प्रादेशिक परिषदांत घासूनपुसून निघाले होते. आशिया-पॅसिफिकची परिषद जानेवारी २००३ मध्ये टोकियोत झाली, म्हणजे मुख्य परिषदेच्या तब्बल अकरा महिने आधी. ज्याची मागणी या काळात कागदावर आली नाही, त्याला पुढे व्यासपीठ मिळूनही फारसा उपयोग नव्हता.

या वाटाघाटींत मताचा अधिकार सरकारांना होता. नागरी संघटना निरीक्षक होत्या. त्यांना बोलण्यासाठी मोजकी मिनिटे मिळत आणि मसुद्यावर प्रत्यक्ष घासाघीस सुरू झाली की अनेकदा बाहेर थांबावे लागे. शेकडो संघटनांना मिळून तेवढीच मिनिटे असल्यामुळे कोण बोलणार आणि काय बोलणार, हे आपसांत ठरवणे त्यांना भागच होते. फेब्रुवारी २००३ च्या दुसऱ्या तयारी बैठकीच्या वेळी त्यांनी एक मंडळ नेमले आणि त्यात प्रदेशवार व विषयवार ‘परिवारांना’ जागा दिल्या. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका हे प्रदेश तर होतेच, शिवाय आदिवासी समाज, युवक, अपंग व्यक्ती आणि कामगार संघटना यांचेही परिवार होते. मंडळाने केवळ व्यवस्था पाहायची, मजकूर वेगळ्या गटाने जुळवायचा आणि त्याला मान्यता मात्र सर्वांच्या खुल्या सभेने द्यायची, ही त्यांची विभागणी शहाणपणाची होती, कारण तिच्यामुळे बोलण्याची वेळ वाटून देणाऱ्याच्या हाती मजकुराचीही सूत्रे जात नव्हती. तरीसुद्धा आठवडेच्या आठवडे जिनिव्हात राहणे ज्यांना परवडत होते, त्यांचेच म्हणणे अधिक ऐकले गेले, हे मान्य करायला हवे.

तुमच्या भागातील लोकांना ही रचना नवी वाटणार नाही. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्ता एकेकट्याने विकण्याऐवजी एकत्र येऊन लिलाव केले. तिथे ग्रामसभांच्या महासंघाची ताकद प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावातून येते. ठराव नसेल, तर महासंघाने कंत्राटदाराशी कोणत्या अधिकाराने बोलावे? प्रादेशिक निवेदनांचे दुखणे नेमके हेच असते. ‘आशियातील ग्रामीण समाजाच्या वतीने’ असे शब्द त्यांत सहज येतात, पण त्यामागे गावाचा ठराव क्वचितच असतो.

म्हणून नुसती सही पाठवू नका, सहीसोबत दुरुस्ती पाठवा. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. ज्या कामावर नेटवर्क मिळत नाही तिथे मजूर काम करूनही त्याची हजेरी अडते, हा अनुभव ग्रामसभेच्या ठरावात तारीख, गाव आणि कामाच्या नावासह लिहून घ्या. मजुरांची नावे मात्र बाहेर पाठवू नका. मग त्यातून एकच वाक्य काढा, उदाहरणार्थ : ‘सरकारने हक्काची कोणतीही सेवा डिजिटल पद्धतीने देताना, नेटवर्क किंवा यंत्र बंद असेल तेव्हा चालणारी आणि नागरिकाचा हक्क बुडू न देणारी पर्यायी पद्धत कायद्याने बंधनकारक करावी.’ हे वाक्य कोरचीचे आहे आणि तरीही ते नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यात किंवा फिलिपाईन्सच्या बेटावर तितकेच लागू पडते. प्रादेशिक समन्वयकाला असेच वाक्य हवे असते. अकरा पानी गाऱ्हाणे पाठवले, तर ते आदराने बाजूला ठेवले जाईल.

दुरुस्ती पाठवताना ती कोणत्या परिच्छेदात बसवायची, हेही लिहा आणि अंतिम मसुदा सहीपूर्वी मराठीत, निदान सारांशरूपाने, मिळावा अशी अट घाला. तुमचे वाक्य गाळले गेले तर त्याचे कारण लेखी द्यावे, असेही सांगा. नागपूरची संस्था याला कुरकुर करीत असेल, तर सही न करणेच बरे.

प्रश्न : या परिषदांना दोन दशके उलटली. गावाला त्यातून मिळाले काय? खरे सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, यवतमाळ

उत्तर : थेट असे थोडेच मिळाले. गरीब देशांत जाळे पोहोचवण्यासाठी सेनेगलचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी डिजिटल एकजूट निधीची कल्पना लावून धरली होती. श्रीमंत देशांनी ती ऐच्छिक ठेवली आणि ऐच्छिक निधीचे जे होते तेच तिचे झाले. मानवी हक्कांविषयीच्या मजकुराने निराश झालेल्या नागरी संघटनांनी ८ डिसेंबर २००३ रोजी, म्हणजे परिषद सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, स्वतःचा स्वतंत्र जाहीरनामा मान्य केला. ट्युनिसमध्ये तर त्यांना नागरिकांची समांतर परिषद भरवण्यासाठी जागाच मिळू दिली गेली नाही.

मात्र काही दारे उघडली. इंटरनेटच्या कारभाराचा, म्हणजे त्याचे नियम कोणी व कसे ठरवायचे याचा, अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी चाळीस जणांचा कार्यगट नेमला, त्याचे अध्यक्षपद भारताच्या नितीन देसाई यांच्याकडे होते आणि त्यात सरकारी प्रतिनिधींच्या बरोबरीने नागरी संघटनांचे लोकही बसले. ट्युनिसच्या कार्यक्रमपत्रिकेतील ७२ व्या परिच्छेदातून इंटरनेट कारभार मंच जन्माला आला; त्याची पहिली बैठक २००६ मध्ये अथेन्सला आणि तिसरी २००८ मध्ये हैदराबादला झाली. मंच निर्णय घेत नाही, हा त्याच्यावरचा जुना आक्षेप आहे आणि तो खराही आहे. पण निर्णय घेणाऱ्या सभेत ज्यांना उभेही केले जात नाही, ते येथे मंत्र्याच्या शेजारी बसून प्रश्न विचारतात. आशिया-पॅसिफिकचा असा प्रादेशिक मंच २०१० पासून आणि भारताचा २०२१ पासून भरतो.

शब्द कसे टिकतात, याचे एक उदाहरण देतो. जिनिव्हाच्या कृती आराखड्यात स्थानिक समुदायांतील माध्यमांना पाठबळ द्यावे, असे कलम आले. सामुदायिक रेडिओसाठी झगडणाऱ्या संघटनांना याहून स्पष्ट शब्द हवे होते, पण मिळाले तेही त्यांनी सोडले नाहीत. भारतात तोवर असा रेडिओ केवळ शिक्षणसंस्थांना चालवता येत असे, तो २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. हे जिनिव्हामुळे घडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. देशातील लढा जुना होता आणि हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटले होते. अशा लढ्यात आंतरराष्ट्रीय मजकूर हे मंत्रालयाच्या टेबलावर ठेवण्याचे आणखी एक कागदपत्र असते, त्याहून अधिक नाही आणि कमीही नाही.

भाषेच्या बाबतीत काम अजून पुष्कळ बाकी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या गोंडीच्या मसराम लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकावर उमटवण्याच्या सामाईक संकेतप्रणालीत, २०१७ साली आणि गुंजाला लिपीला २०१८ साली स्थान मिळाले. अक्षरे आली, पण तलाठ्याच्या किंवा रेशनच्या यंत्रावर ती अजून कुठे दिसतात? पूर्व विदर्भातील संघटनांनी प्रादेशिक गटात हा मुद्दा मांडला, तर त्यांना मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून सोबती मिळतील.

प्रश्न : आमच्या संस्थेला अशा बैठकीसाठी परदेशी संस्था पैसे देऊ करते. घ्यावेत का?
— एक महिला कार्यकर्ती, धारणी

उत्तर : ताई, आधी कायदा पाहा. संस्थेच्या खात्यात परदेशी पैसा घ्यायचा तर २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली दुसरी संस्थाही तो पैसा तुमच्याकडे वळवू शकत नाही. म्हणून ‘आमच्या खात्यातून देतो’ असे कोणी सांगितले, तर सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रवास जमला नाही तरी इंटरनेट कारभार मंचाच्या बैठकांत घरबसल्या, विनाशुल्क नोंदणी करून भाग घेता येतो. जिनिव्हातील दुपारी तीनची बैठक हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते, त्यामुळे मेळघाटातील पाड्यावरून जोडणी तुटण्याचा धोका न पत्करता त्या दिवशी अमरावतीला किंवा परतवाड्याला थांबावे आणि आपले म्हणणे लेखी स्वरूपात समन्वयकाकडे आदल्या आठवड्यातच पोहोचवावे.