वचन सांगायला उभं राहण्याआधी काय वाचावं?

सप्रेम सलाम. तुम्ही लिहिलंय की मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, महिन्यातून एकदा संदेश (उपदेश) देण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, शिकलेला नाहीत, आणि श्रद्धा, उपदेश, आध्यात्मिक जीवन यांवरची कोणती ख्रिस्ती पुस्तकं वाचावीत हे हवंय, शक्यतो मराठीत. मीही पाळक, म्हणजे चर्चचा नेमलेला धर्मगुरू, नाही. नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत वीस-बावीस वर्षं वचन सांगतोय, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

उपदेश कसा करावा हे शिकवणाऱ्या पुस्तकांकडे लगेच जाऊ नका. आधी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. लोक ते आत्मचरित्र म्हणून वाचतात. माझ्या लेखी श्रद्धेवरचं मराठीतलं सर्वांत खरं पुस्तक तेच. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने बायबलचा नवा करार दिला, वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मागे राहिलेल्या बायकोची. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या पाच वर्षांतला आकांत, ताटातूट, नवऱ्यावरचा राग आणि मग हळूहळू मनातून गळून पडलेली जात, सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलंय. साक्षीच्या सभेत, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, आपण 'अंधारातून प्रकाशात आलो' असं म्हणून मोकळे होतो. विश्वास माणसाच्या घरात कसा शिरतो, किती दिवस उंबऱ्यावरच थांबतो, हे समजायला ही पाच वर्षं वाचावीत.

मग टिळकांची 'अभंगांजली'. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. हे अभंग मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. जमलं तर घरच्यांबरोबर टाळ घेऊन म्हणा. वचन सांगणाऱ्याला लागणारी लय कानातून येते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय, ते एका शब्दावरून दाखवतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्र, घर सोडून गेलेला आणि परत आलेला. मुलगा दूर आहे तोच बाप त्याला पाहतो, आणि आपल्या पवित्र शास्त्रात म्हटलंय की त्याला त्याचा 'कळवळा आला'. सुरुवातीला मी या उताऱ्याची तयारी इंग्रजी भाष्यग्रंथांवरून करायचो आणि मंडळीपुढे 'करुणा', 'अनुकंपा' असे शब्द ठेवायचो. माना हलायच्या, पण कुणी हललेलं दिसायचं नाही. मग कळलं की मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध आतड्यांशी आहे. म्हणजे आपली आई म्हणते ना, 'लेकरासाठी आतडं तुटतं', अगदी तेच! लूकने हे क्रियापद तीनच ठिकाणी वापरलंय: नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभू येशूला, जखमी वाटसरूला पाहून शोमरोन्याला (शोमरोन प्रांतातल्या परक्या माणसाला) आणि परतणाऱ्या मुलाला पाहून बापाला. आणि तुकोबा म्हणतात, 'ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती'. लाभाविण प्रीती! बापाने मुलाला काही विचारण्याआधीच धाव घेतली, ती याच जातीची. त्या रविवारी मी एवढंच सांगितलं, बारा-तेरा मिनिटं. त्यानंतर मी एकही संदेश आधी इंग्रजीत जुळवून मग मराठीत आणलेला नाही.

म्हणूनच पंडिता रमाबाईंचं भाषांतर जवळ ठेवा. खेड्यातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून निघालं. एखादं वचन अवघड वाटलं की मी नेहमीचं भाषांतर आणि रमाबाईंचं शेजारी-शेजारी ठेवतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल'ही असंच ओघवतं आहे. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तरी ते कॅथलिक फादरांचं म्हणून बाजूला ठेवू नका.

फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६चं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. भाषा जुनी आहे, सलग वाचण्याचा हट्ट नको. मराठीला फुलांतली मोगरी आणि सुगंधातली कस्तुरी म्हणणाऱ्या त्या ओव्या तेवढ्या काढून वाचा. इंग्लंडमधल्या विल्टशरहून आलेल्या या माणसाला या भाषेत प्रभूची कथा सांगावीशी वाटली, याने मला आजही भरून येतं.

उपदेशाच्या तंत्रावर दोनच पुस्तकं सांगतो, दोन्ही इंग्रजी. स्पर्जन या इंग्रज उपदेशकाने लंडनमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना दिलेली व्याख्यानं, 'लेक्चर्स टू माय स्टुडंट्स', आणि जॉन स्टॉटचं 'बिट्वीन टू वर्ल्ड्स' (१९८२). स्टॉटचं म्हणणं, उपदेश हा शास्त्राचं जग आणि आजचं जग यांमधला पूल आहे. स्पर्जनमधलं सेवकाच्या, म्हणजे उपदेशकाच्या, खचलेपणावरचं प्रकरण तेवढं नक्की वाचा. ते त्याने सोसून लिहिलंय, आणि तशी एखादी रविवार संध्याकाळ तुमच्याही वाट्याला येईल.

आध्यात्मिक जीवनासाठी ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकातला पॅरिसच्या मठातला स्वयंपाकी. भांड्यांच्या खडखडाटात देवाचं सान्निध्य कसं टिकवायचं, एवढाच विषय. त्याची पत्रं आणि संभाषणं मिळून पुस्तक इतकं छोटं की एका बैठकीत संपतं, पण मी ते दरवर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांत, पुन्हा काढतो. थॉमस अ केंपिसचं 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' मात्र रोज एक पान, त्याहून जास्त नको. पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो की पश्चात्तापाची व्याख्या माहीत असण्यापेक्षा पश्चात्ताप अनुभवणं मला हवंय. मी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. संदेशाचे मुद्दे काढायला बसलो की आधी तेच दिसतं.

तुमचा पहिला उतारा कोणता आहे ते खाली लिहा. रमाबाईंनी तो कसा मांडलाय ते पाहून कळवतो.