फुटबॉलच्या सामन्याआधी रेफ्रीने खेळाडूंशी किती आणि काय बोलावं?

दोन मिनिटांच्या वर बोलू नका. वॉर्म-अप झालेली पोरं भाषण ऐकत नाहीत, आणि लांबलेल्या भाषणात तुम्ही नको ती आश्वासनं देऊन बसता. ‘पहिल्याच फाऊलला कार्ड काढीन’ असं कधीच म्हणू नये. मग पाचव्या मिनिटाला साधा धक्का लागला, तरी सगळं मैदान तुमच्या खिशाकडे बघतं.

आधी साहित्य तपासा. शिनगार्ड (नडगीवरचं संरक्षक कवच), बूट, आणि मुख्य म्हणजे दागिने. आपल्याकडे हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी हमखास निघते आणि ‘सर, टेप लावतो ना’ हे ठरलेलं उत्तर येतं. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ४ नुसार टेप लावून चालत नाही, काढावंच लागतं. अंगठी निघत नसेल तर साबण-पाणी आणायला सांगा, पण शिट्टीच्या आधी.

खरं बोलणं दोन्ही कॅप्टनशी, दोघांना एकत्र उभं करून. कोल्हापुरात पेठांच्या, तालमींच्या संघांच्या सामन्यांत तर हे फारच जपावं लागतं. एका संघाशी बाजूला जाऊन हसत बोललात तर गॅलरी ते विसरत नाही. कॅप्टनला एवढंच सांगा: निर्णयाबद्दल विचारायचं तर तू ये, नीट विचार, मी उत्तर देईन, बाकीच्यांना तू लांब ठेव. आणि तो आला की खरोखर उत्तर द्या.

टॉसच्या वेळी हेही स्पष्ट करा की २०१९ पासून टॉस जिंकणारा बाजू किंवा किक-ऑफ (खेळ सुरू करणारी पहिली किक), दोन्हींपैकी काहीही निवडू शकतो. जुन्या खेळाडूंना अजून फक्त बाजूच आठवते.