आधी गाडीखाली झोप

अरे,

रविवारी तू लॅपटॉप घेऊन वर आलास, एका बाजूला कासारवडवलीच्या त्या माणसाची विकायला काढलेली २०१४ ची महिंद्रा थार, दुसऱ्या बाजूला शोरूममधली नवी, आणि मध्ये तुझी एक्सेल शीट. बीएचपी, टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, एअरबॅग, ईएमआय, सगळं भरलेलं. आणि एवढं सगळं भरून झाल्यावर मला विचारलंस, "काकू, तुम्ही माझ्या जागी असता तर कुठली घेतली असती?" मी चहा ठेवायला उठले कारण पटकन उत्तर देता येईना. रात्री पण तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसलेय, व्हॉइस नोट पाठवली असती तर अर्धं सांगायचं राहिलं असतं.

तुझ्या शीटमध्ये एक रकाना नाहीये. त्या गाडीखाली तू गेलास का? मी विचारलं तेव्हा म्हणालास, "कंडिशन टकाटक आहे काकू, पेंट बघा ना." आणि फोटो दाखवलेस. चौदा फोटो, सगळे उभ्याने काढलेले. एक पण खालून नाही.

आधी गाडीखाली झोप. मग आपण जुनी की नवी ते बोलू.

मी हे इतकं का लावून धरलंय ते सांगते. १९९१ मध्ये डिप्लोमा संपवून मी शहापूरकडे पाइपलाइनच्या सर्व्हेच्या कामाला लागले. कंपनीची महिंद्राची एमएम ५४० जीप होती, २.१ लिटरचं प्युजो इंजिन, थंडीत सकाळी इंजिन गरम करायच्या हीटरवर चावी धरून मनात आकडे मोजायचे आणि मगच सेल्फ मारायचा. आमचे ड्रायव्हरमामा दर शनिवारी संध्याकाळी गोणपाट टाकून जीपखाली जायचे आणि मला पण हाताखाली घ्यायचे, ग्रीस गन माझ्या हातात, उजेडाची बॅटरी त्यांच्या. पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यांच्या पिना, इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, क्रॉस (सांधे), स्टेअरिंगचे जॉइंट, ग्रीस भरायचं एकेक निपल पुसायचं, गन लावायची, दुसऱ्या बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहायचं. काळं येऊन मग स्वच्छ यायला लागलं की मामा म्हणायचे, हां, आता पुढचं. सहा महिन्यांत मला त्या जीपचं पोट पाठ झालं होतं. गाडी चालवता चालवता कुठून आवाज आला की डोळ्यासमोर तो भाग यायचा. हे जे आहे ना, आवाज आला की तो भाग डोळ्यासमोर येणं, ते कुठल्या शीटमध्ये येत नाही आणि पैसे टाकून पण मिळत नाही.

आणि एवढं शिकून मी काय केलं? २००४ मध्ये स्वतःच्या पैशांनी पहिली गाडी घेतली, कल्याणला, जुनी जिप्सी, एक हजार सीसीची, चारी चाकांना पाटे, फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद द्यायची तर पुढच्या चाकांचे हब खाली उतरून हाताने फिरवून लॉक करायला लागायचे ती. हिरवा नवा रंग, नवे सीट कव्हर. त्या दिवशी मावसबहिणीचं लग्न होतं, मी लग्नातूनच परस्पर गेले होते, अंगावर नवीन साडी. खाली झोपले नाही. वाकून बघितल्यासारखं केलं, खाली सगळं काळंभोर, छान कोटिंग मारलेलं, मला वाटलं वा, किती जपलीय गाडी. टोकन देऊन आले.

पुढच्याच पावसाळ्यात माळशेज घाटाच्या रस्त्यावर, टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याच्या अलीकडे, एका साध्या खड्ड्यात मागचा डावा पाटा जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, धरलेला असतो तो हँगरच चेसिसचा पत्रा घेऊन फाटला. गाडी एका बाजूला बसली. मागे माझी आई होती आणि भाची होती, दोघींना लागलं नाही, पण समोरून एसटी येत होती आणि ती एसटी थांबेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद मी आजही विसरलेले नाही. मुरबाडच्या वेल्डिंगवाल्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेसिसवर नुसतं टेकवलं आणि दाबलं, आणि ते आत गेलं. खारी बिस्किटात जावं तसं. वरून काळं कोटिंग, आतून सगळा भुगा.

इंजिन उत्तम होतं रे तिचं. वेल्डिंगच्या पट्ट्या मारत मारत मी ती काही वर्षं चालवली आणि २०११ मध्ये भंगारात दिली, शेवटच्या दिवशी सुद्धा अर्ध्या सेल्फवर सुरू झाली. त्या दिवशी मी साडी सांभाळली नसती, पाच मिनिटं खाली गेले असते, तर ती गाडी घेतलीच नसती, किंवा घेऊन आधी चेसिसचं काम केलं असतं आणि आज ती खाली पार्किंगमध्ये उभी असती.

म्हणून सांगतेय, खाली झोप. जुनी चादर घे, चांगली बॅटरी घे, आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर. चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर त्याच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं थप्प वाजतं, एकदा ऐकलंस की आयुष्यभर कळेल. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आणि बॉडी जिथे चेसिसवर बसते तिथे जास्त वेळ दे, चिखल तिथेच अडकतो आणि ओल धरून ठेवतो. आपल्याकडे तर खाडीची हवा, नेरूळला माझ्या गॅलरीतलं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवते मी, तर गाडीचं काय होत असेल. नवंकोरं काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नकोस, उलट संशय घे, गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज आतल्या आत वाढतो. वर येऊन मॅट उचल, पायाखालचा पत्रा बघ, पुट्टी मारलीय का बघ. प्रोपेलर शाफ्ट हाताने हलव, क्रॉस खिळखिळे असले तर कट्कट लागेल. चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाच आणि आरसीशी जुळव. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघड, भकाभका धूर आला तर इंजिन थकलंय.

आणि फोर लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गिअर, मातीवर टाकून बघ, डांबरावर नाही. परवा तू म्हणालास विकणारा पाम बीच रोडवर फोर बाय फोर लावून दाखवणार आहे. अजिबात नको. या गाड्यांत फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, मातीत चाक थोडं घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. नव्या थारला पण हेच लागू आहे. जो माणूस डांबरावर दाखवतो त्याने ती गाडी कशी वापरली असेल त्याचा अंदाज तूच कर.

आता पैशांचं. नव्या गाडीसाठी १३ लाखांचं कर्ज, ७ वर्षं, ९ टक्के, असं तू धरलंयस. मी पण मांडून बघितलं, हप्ता महिना २१ हजारांच्या घरात जातो आणि साडेचार लाखांहून जास्त नुसतं व्याज. तेवढ्या व्याजात जुन्या थारचं इंजिन, क्लच, सस्पेन्शन सगळं उघडून नीट करून पण पैसे उरतील. तू ऑफिसला ऐरोलीला लोकलने जातोस, गाडी चालणार शनिवार-रविवार. पाच दिवस पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी सात वर्षं हप्ता? आणि स्वस्त पडते म्हणून शीटच्या शेवटी ती नुसती मागच्या चाकांवर चालणारी थार पण टाकलीयस, ती आत्ताच काढून टाक, तुला नाणेघाटाकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरायचंय ना?

जुनीला कागदपत्रांची कटकट आहे, ती मान्य. २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ ला १५ वर्षं पूर्ण, मग फिटनेस, पर्यावरण कर, आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी, जी २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का बघ, चलन थकलेत का बघ, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. एवढंच, यात घाबरण्यासारखं काही नाही.

एक गैरसमज मात्र काढ. "जुनीत इलेक्ट्रॉनिक्स नाही, कोणी पण फिटर करेल" असं तू म्हणालास. अरे ती सीआरडीई आहे, कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तो कॉम्प्युटर, ईसीयू, तिच्यात पण आहे. इंजेक्टर गेले तर खिशाला चांगलीच चाट बसते. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठतं ते वेळच्या वेळी काढायला लागतं. फरक एवढाच की तिच्यातलं बरंचसं तुला खाली झोपून दिसेल, हाताला लागेल. नवीत पण दिसेल, पण तू बघणार नाहीस, कारण वॉरंटी आहे, सर्व्हिस सेंटर आहे, चावी देऊन मोकळा होशील. तीन वर्षांनी एखाद्या संध्याकाळी माळशेजच्या धुक्यात खालून आवाज येईल आणि तुझ्या डोळ्यासमोर काहीच येणार नाही. मला त्याची भीती वाटते. बीएचपीची नाही.

तू आता म्हणशील, काकू स्वतः जुनी चालवतात म्हणून जुनीच घ्यायला लावतात. माझी थार २०१३ ची, मी नवीन घेतली होती, आणि हो, तिच्यावर मी बराच खर्च केलाय. घरात पण त्यावरून बोलणं होतं, एवढ्या पैशांत दुसरी आली असती म्हणतात. आली असती. पण १०५ बीएचपी मला पुरते, मागच्या पाट्यांची एकेक पात मी बदललेली आहे, क्लच उतरवला तेव्हा मी शेजारी बसून होते. मी काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. आईला घेऊन मी परत माळशेज चढले ते याच गाडीतून, आणि आदल्या दिवशी अर्धा तास खाली होते म्हणून चढले.

एका बाबतीत मी तुला जोर करणार नाही. या जुन्या थारमध्ये एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. नव्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने टक्कर-चाचणीत ४ तारे दिलेत, ती गोष्ट माझ्या शंभर ग्रीस गननी भरून निघत नाही. मी ही जोखीम माझ्यापुरती घेतलीय, कायम सावकाश चालवते, मागच्या आडव्या बाकांवर कोणाला बसवून हायवेला जात नाही. तू जर आई-बाबांना घेऊन महिन्यातून दोनदा रत्नागिरी करणार असशील, तर नवी घे, मी एक शब्द बोलणार नाही. पण रविवारी तू मला हे सांगितलं नाहीस, तू मला मित्रांची नावं सांगितलीस आणि घाटांची. खरं काय ते आधी स्वतःला विचार. आणि नवी घेतलीस तरी डिलिव्हरीच्या आधी तिच्याखाली पण झोप, ते लोक तुझ्याकडे बघत राहतील, बघू दे. कुठे काय आहे ते नवं आणि स्वच्छ असताना बघून ठेव, फोटो काढून ठेव, पुढे काही झिजलं, गळलं तर कशाशी तुलना करायची ते तुझ्याकडे असेल.

अजून एक. कुठलीही घे, येऊरच्या जंगलात आत घालायची नाही, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आणि ओढ्यात गाडी उभी करून चाकं धुणाऱ्यांत तू दिसलास तर मी ओळख दाखवणार नाही. भुयारी मार्गात पाणी भरलं असेल तर थांब, बाहेर उभा राहून भीज. नवीच्या माहितीपत्रकात पाण्यातून जायची खोली ६५० मिलिमीटर लिहिलीय ती तळ माहीत असलेल्या पाण्यासाठी. बंद पडलीच पाण्यात तर परत सेल्फ मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग जुनी काय आणि नवी काय.

तर कासारवडवलीच्या माणसाला आज फोन कर. येत्या रविवारी सकाळी सात वाजता येतो म्हणून सांग, माझ्याबरोबर एक काकू आहेत म्हणून सांग. त्याला म्हणावं गाडी धुवू नका आणि आम्ही यायच्या आधी सुरू करू नका, बॉनेटला हात लावून थंड आहे का ते मी आधी बघणार आहे. आपण सहाला निघू, माझ्याच गाडीतून. गोणपाट आणि बॅटरी माझी आहे, स्क्रू ड्रायव्हर तू आण, जाडवाला. आणि जुने कपडे घाल.

काकू