खान्देशात चार दिवस आहोत. कायम लक्षात राहील अशी कोणती छोटी चैन करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी चार दिवस, बरोबर दोन शाळकरी मुलं आणि आजी, मुक्काम जळगावला, अजिंठा आणि नंदुरबार करायचं ठरलंय. दर सहलीचे फोटो शेकड्यांनी उरतात, पण वर्षभरात काहीच आठवत नाही. तर थोडा खर्च, थोडा वेडेपणा करून मनात राहील असं काय करावं?

भारीतल्या हॉटेलवर पैसे घालवू नका. खोल्या सगळीकडे सारख्याच असतात, म्हणून त्या आधी विसरल्या जातात. ज्यात हात बरबटले, नाकात वास बसला, जेवायला उशीर झाला आणि जे आपल्या गावी मिळालंच नसतं, ते राहतं. खान्देशात हिवाळ्यात अशा गोष्टी पैशाला पासरी आहेत. पण खाली सांगतोय त्यातल्या चार दिवसांत दोनच निवडा. पाच केल्यात तर तीही यादीच होईल.

माझ्या मते पहिला मान भरताचा. जळगावात या दिवसांत तयार भरीत किलोवर मिळतं, दहा मिनिटांत काम होतं. ते घेऊ नका. शेतात जाऊन स्वतः भाजा आणि स्वतः ठेचा. शेत कुणाचं, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. लॉजच्या मालकाला, गाडीच्या ड्रायव्हरला किंवा बाजारातल्या वांगीवाल्याला आदल्या दिवशी विचारा. भरीत पार्टी हा इथल्या हिवाळ्याचा नेहमीचा बेत असल्यामुळे कुणी चकित होत नाही. जागेचे, काड्यांचे आणि मदतीचे पैसे मात्र आधीच बोलून घ्या.

वांगी भरताचीच हवीत: मोठी, फिकट हिरवी, पांढरट रेघांची. बामणोद, आसोदा भागातली नावाजलेली आहेत, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकनही मिळालंय. एकाच आकाराची दोन वांगी हातात घ्या आणि हलकं लागेल ते निवडा. जड वांग्यात बिया जास्त असतात, आणि बिया झाल्या की भरीत कडवट लागतं. माणशी पाव किलो कच्चं वांगं पुरेल असं वाटतं, पण भाजल्यावर पाणी जातं, सालं जातात. म्हणून पाच जणांना दोन किलो घ्या. दोन किलोला पंधरा-वीस हिरव्या मिरच्या, लसणाचे दोन मोठे गड्डे, वाटीभर शेंगदाणे, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, एक जुडी कोथिंबीर आणि वाटीभर तेल. तेलाला हात आखडता घेतलात तर तुमच्या घरचं भरीत होईल, इथलं नाही. हळद, लाल तिखट, टोमॅटो यातलं काहीही नको. मुलांसाठी निम्मं भरीत कमी मिरचीचं वेगळं काढा.

दुपारी चारलाच शेतात पोहोचा. सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि अंधारात वांगं शिजलं की नाही ते दिसत नाही. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या वापरतात. त्यांचा जाळ झपकन चढतो आणि तेवढ्याच लवकर बसतो, म्हणून सालं करपतात आणि आतला गर धुरकट होतो. काड्या ओल्या असल्या तर नुसता धूर होतो आणि वांगं भाजण्याऐवजी वाफवलं जातं. कितीही पेटत नसलं तरी रॉकेल ओतू देऊ नका; तो वास गरात उतरतो. प्रत्येक वांग्याला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर ते फुटतं आणि गर राखेत जातो. देठ ठेवायचे, फिरवायला तीच मूठ. दहा-पंधरा मिनिटांत वांगं खाली बसतं, देठाजवळ दाबलं की बोट आत जातं. देठाजवळच कच्चं राहण्याची खोड असते, तेव्हा तिथेच तपासा.

सालं गरम असतानाच काढायची. बोटं भाजतात, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून फक्त बोटं बुडवा. वांगं पाण्यात धुतलं की धुराची चव पाण्याबरोबर जाते. मग लाकडाची बडगी, म्हणजे ठेचायचं भांडं, आणि लाकडी मुसळ. आधी तेलात परतलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचा, मग गर घाला. लाकडात ठेचलेल्या गराच्या रेषा राहतात. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. इथे मुलांच्या हातात मुसळ द्या आणि मागे सरा. शेवटी गरम तेलात शेंगदाणे तळून ते तेलासकट ओता, वरून पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी मागा. कळणं म्हणजे साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि मीठ, एकत्र दळलेलं. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून नवख्याची भाकरीही तुटत नाही. आजींना थापायला सांगा, त्या खुश होतील. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला त्यांना खुर्ची द्या म्हणजे धूर लागणार नाही. रात्री बोचरी थंडी पडते, शाल बरोबर हवीच.

दुसरी चैन आणखी गैरसोयीची आहे: एक खापर विकत घ्या. पुरणाचे मांडे ज्यावर भाजतात ते मातीचं मोठं, फुगीर भांडं, चुलीवर पालथं घालतात. हात-दीड हात रुंद, जड आणि फुटणारं. आधी ऑर्डरने मांडे करून देणारी बाई शोधा आणि आपल्यासमोर करायची अट घाला. पुरण भरलेला उंडा लाटण्याशिवाय, दोन्ही हातांवर झेलत खापराएवढा पसरतो आणि न फाटता खापरावर पडतो. हे बघताना मुलं मोबाइल विसरतात. कणीक वस्त्रगाळ गव्हाची आणि भरपूर मळलेली असते, ताण तिथून येतो. हौसेने एक मांडा स्वतः टाकून बघा. पहिला हमखास फाटतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

खापर घेताना बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. प्रवासात आत कपडे कोंबा, बाहेरून जुनी गोधडी गुंडाळा आणि मांडीवर ठेवा. डिकीत ठेवलंत तर घरी तुकडे पोहोचतील. घरी आल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवा. तापलेल्या खापरावर गार पाणी पडलं की ते तडकतं. गॅसच्या शेगडीला ते मोठं पडतं, म्हणजे वर्षातून एकदा अंगणात किंवा गच्चीवर तीन विटांची चूल मांडावीच लागेल. अक्षय्य तृतीयेला, इथल्या आखाजीला, आमरसाबरोबर मांडे होतात. तोच दिवस धरा.

नंदुरबारला जायला गाडी केलीच असेल, तरी एक उधळपट्टी करा. गाडी रिकामी पुढे पाठवा आणि तुम्ही जळगावहून सुरतेकडची, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी रेल्वे पकडा. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा करत ती जाते. वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. खिडकी मिळण्यासाठी अर्धा तास आधी स्टेशनात या. आजींना एवढं बसवणार नसेल तर अमळनेरपर्यंतच करा आणि तिथे गाडी उभी ठेवा.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या दिसतील: लाल मिरची वाळायला पसरलेली शेतंच्या शेतं. विचारल्याशिवाय आत जाऊ नका आणि मिरचीवर पाय देऊ नका. कुणाला दमा असेल तर रस्त्यावरूनच बघा. नाकाला ओला रुमाल बांधा, आणि हात डोळ्यांकडे नेऊ नका. मिरचीची आग नुसत्या पाण्याने जात नाही. आधी हाताला तेल चोळा, मग साबण लावा. पथारीवरचीच पाव किलो मिरची मागून घ्या, घरी उन्हात कडक वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. ओलसर ठेवलीत तर बुरशी येईल. बरणी स्वयंपाकासाठी नाही. कधीतरी उघडून वास घ्यायला आहे. फोटोपेक्षा वास लवकर माणसाला जागेवर नेतो.

अजिंठा सोमवारी बंद असतो. तिथली चैन म्हणजे वेळ. सगळी लेणी धावत बघू नका. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर आणि सतराव्या लेण्यात प्रत्येकी अर्धा तास थांबा. अंधाराला डोळे सरावायलाच दहा मिनिटं लागतात. त्याआधी बाहेर पडणाऱ्याला रंग दिसतच नाहीत. आजींसाठी डोली करा, घासाघीस न करता.

जळगावच्या सराफ बाजारात काही घ्यायचंच असेल तर एक ग्रॅमच्या आसपासची नथणी किंवा बाळी घ्या. लहान वस्तूला वजनाच्या मानाने मजुरी जास्त पडते, हिशेबाने हा सौदा वाईटच. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क बंधनकारक नाही, म्हणून बिलावर वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

आणि परतीच्या दिवशी केळीचा अख्खा घड. बागेतून, हिरवा, शेतकऱ्याने तुमच्यासमोर कापलेला. वजन झेपणार नसेल तर तीन-चार फण्या घ्या. बाजारातली केळी रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोल्यांतून येतात. ही घरी हळूहळू, आठवडाभर पिकत राहतील आणि मुलं रोज सकाळी दाबून बघतील. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळवंडतं आणि आतून पिकत नाही. गोणपाटात गुंडाळून उबदार कोपऱ्यात ठेवा. कापल्यावर तासभर घड उलटा टेकवून चीक गळू द्या. कपड्यावर पडलेला केळीचा डाग कशानेही जात नाही, म्हणून घड धरणाऱ्याला जुना शर्ट घालायला लावा.