अळवाच्या वाफ्यात पावडरीचं पाणी

प्रश्न: वॉशिंग मशीनचं पाणी आम्ही पाइपने परसातल्या अळवाला आणि केळींना सोडलंय. सासूबाई म्हणतात पावडर मातीत साचत जाणार, मिस्टर म्हणतात जिवाणू खाऊन टाकतात. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, हरिपूर (सांगली)

उत्तर: ताई, फेसापुरतं बोलायचं तर मिस्टर बरोबर आहेत. पावडरीत मळ काढणारा जो पदार्थ असतो ना, बहुतेक वेळा एलएएस (लिनियर अल्काइलबेंझिन सल्फोनेट), त्याच्या रेणूला साधारण 10 ते 13 कार्बनची सरळ शेपटी असते, ती बेंझिनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, कड्याला जोडलेली आणि कड्याच्या दुसऱ्या अंगाला सल्फोनेट, म्हणजे गंधक-ऑक्सिजनचा गट. मातीतले स्यूडोमोनाससारखे जिवाणू शेपटीच्या टोकाला आधी ऑक्सिजन लावून त्याचं आम्ल करतात आणि मग दोन-दोन कार्बन तोडत आत सरकतात, आपण ऊस कांडं-कांडं सोलून खातो तसंच बघा. शेपटी संपत आली की कडं फुटतं, सल्फोनेट सुटतं, आणि शेवटी उरतं काय तर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सल्फेट. एकाच जातीला हे सगळं सहसा जमत नाही, एकीचं उष्टं दुसरी खाते. भुसभुशीत मातीत दोन-तीन आठवड्यांत बराचसा फडशा पडतो.

शेपटी सरळ आहे म्हणून हे जमतं बरं का. 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेत फांद्या फुटलेल्या शेपटीचं डिटर्जंट चालायचं, फांदी आली की जिवाणू तिथंच अडायचे, म्हणून नद्यांवर फेसाचे ढीगच्या ढीग तरंगायचे. शेवटी जर्मनीत 1964 पासून कुजणारंच डिटर्जंट कायद्याने सक्तीचं झालं आणि अमेरिकेतल्या कंपन्याही 1965 मध्ये सरळ शेपटीवर आल्या.

पण पहिला घास ऑक्सिजनशिवाय तुटत नाही. वाफ्यात पाणी तुंबून काळं पडलं, वास यायला लागला की समजा काम बंद पडलं. आणि आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे तुम्हाला काय सांगायचं.

आता सासूबाईंचं. पावडरीत धुण्याचा सोडाही असतो, त्यातलं सोडियम कुठल्याच जिवाणूला पचवून संपवता येत नाही, ते खरंच साचतं. आपल्या जिल्ह्यातल्या चोपण जमिनी पाहिल्या असतील, ओल्या असताना चिकट आणि वाळल्या की दगड, ती करामत सोडियमचीच.

म्हणून पावडरीचं पहिलं पाणी मोरीतच जाऊ द्या, शेवटचं विसळणीचं पाणी तेवढं झाडांना सोडा, तेही पानांवर नको, बुडाशी. पाइपची जागा दर चार-आठ दिवसांनी बदला आणि वाफा अधूनमधून खुरप्याने हलवत राहा.